पॅनल बॉक्सच्या पत्र्याला स्वच्छ भोक पाडण्यासाठी कोणते हत्यार घ्यावे?

आपल्याला १.६ मिमी जाडीच्या लोखंडी पॅनल बॉक्सच्या (विजेची उपकरणे बसवण्याच्या पेटीच्या) दारावर २२ मिमीची पुश बटणे आणि तळाशी एम२० ग्लँड (केबल आत घेऊन घट्ट धरणारे, २० मिमी आट्यांचे जोड) बसवायचे आहेत, असे आपण लिहिले आहे. बटणांसाठी मी निःसंशय नॉकआऊट पंच, म्हणजे बोल्ट आवळून पत्र्यातून गोल चकती कापणारे हत्यार, सुचवेन. आधी मध्यावर सेंटर पंचाने खूण करून पंचाच्या बोल्टला पुरेल एवढे भोक ड्रिलने पाडावे, मग एका बाजूने डाय (पंच ज्यात शिरतो ती वाटी) आणि दुसऱ्या बाजूने पंच लावून पान्याने बोल्ट आवळत जावे. पत्रा कात्रीने कापल्यासारखा सुटतो, बारीक कीस उडत नाही आणि कडेचा रंगही फारसा टवकत नाही. भोक २२.५ मिमीच्या आसपास लागते, तेव्हा पंच त्याच मापाचा मागावा.

ग्लँडसाठी स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारे शंकूसारखे ड्रिल) पुरते, मात्र त्यावर साधारण २०.५ मिमीची पायरी आहे आणि प्रत्येक पायरीची उंची पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त आहे, हे विकत घेतानाच पाहावे, अन्यथा पुढची पायरी भोक मोठे करून टाकते. होल सॉ (कडेला दाते असलेली वाटीसारखी गोल करवत) स्वस्त पडते, पण कड खरबरीत राहते. स्टेनलेस स्टील असेल तर वेग कमी, दाब भक्कम आणि कटिंग ऑइल हवेच, कारण न कापता नुसता घासला गेलेला पत्रा आणखी कडक होतो.

वायरिंग झालेल्या बॉक्समध्ये पुरवठा बंद करून, आतील उपकरणे झाकूनच काम करावे. कॉन्टॅक्टरमध्ये (विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचमध्ये) अडकलेला लोखंडाचा एक कणही शॉर्ट सर्किट घडवू शकतो. शेवटी कड कानसून उघड्या पत्र्यावर झिंक प्रायमर लावावा.