पोटॅशियम कमी असल्यामुळे चालताना धाप लागते का?

तुमच्या वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार आहे, जरा भरभर चाललं की धाप लागते आणि रक्तात पोटॅशियम 3.3 आलंय. म्हणून ‘पोटॅशियम वाढवलं की दम कमी होईल का’ असं तुम्ही विचारलंय. धाप त्यामुळे थांबेल असं मला वाटत नाही. पोटॅशियमचा श्वासाशी संबंध आहे, पण तो उलट दिशेचा.

मी फुप्फुसाच्या रुग्णांकडून व्यायाम करून घेते, आणि हा गोंधळ बऱ्याच घरांत असतो. स्नायू काम करू लागला की त्याच्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडून रक्तात येतं. विश्रांतीत 4 च्या आसपास असलेला आकडा जोराच्या व्यायामात धडधाकट माणसातही 6 पर्यंत किंवा त्याच्याही वर जातो. थांबलं की काही मिनिटांत तो उतरतो, कारण स्नायू ते पोटॅशियम परत आत ओढून घेतात. ही तात्पुरती वाढ मानेतल्या कॅरोटिड बॉडीला चेतवते. रक्तातला ऑक्सिजन जोखणारे हे इवलेसे अवयव मग मेंदूला कळवतात, श्वास वाढव. रक्तात ऑक्सिजन कमी असेल तर पोटॅशियमचा हा परिणाम आणखी तीव्र होतो.

श्वास फक्त लॅक्टिक आम्लामुळे वाढतो असं पूर्वी सांगायचे. पण मॅकआर्डल नावाच्या आजारात व्यायाम करताना स्नायूंत ते आम्ल जवळजवळ तयारच होत नाही, तरी श्वास जोरात चालतो आणि पोटॅशियमही चढतं. अर्थात सगळं श्रेय एकट्या पोटॅशियमला देता येत नाही. श्वास वाढवणाऱ्या अनेक खुणांपैकी ती एक आहे.

आता वडिलांबद्दल. सीओपीडीत हालचाल कमी होत गेल्याने मांड्यांचे स्नायू दुबळे होतात आणि थोड्या कामातच थकतात, त्यामुळे ‘श्वास वाढव’ हा निरोप लवकर येतो. तो पाळणं मात्र फुप्फुसाला जमत नाही. श्वासनलिका अरुंद असल्याने आतली हवा पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो, हवा साठत जाते आणि छाती फुगलेलीच राहते. आत घ्यायला जागाच उरत नाही. चालतानाच्या धापेचं मोठं कारण हे आहे.

मग 3.3 कशामुळे? बहुधा औषधांमुळे. श्वासनलिका मोकळी करणारी, पंपातून घ्यायची सालब्युटामॉलसारखी औषधं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतात. इतकी, की पोटॅशियम फार वाढलेल्या रुग्णाला डॉक्टर नेब्युलायझरने हेच औषध देतात. स्टिरॉइडच्या गोळ्या, थिओफिलिन हे दम्याचं औषध आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्याही पोटॅशियम कमी करतात. हा आकडा सोडून देऊ नका. पोटॅशियम कमी झालं की हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि ते फारच उतरलं तर श्वासाचे स्नायूही कमकुवत होतात. सगळ्या औषधांची यादी आणि पंप दिवसातून किती वेळा घेतात, हे लिहून याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. छातीत धडधड किंवा चक्कर असेल तर आठवड्याचीही वाट पाहू नका. पोटॅशियमचं औषध मनाने मात्र सुरू करू नका. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा रामिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोनसारखी रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल, तर पोटॅशियम वाढून धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

हृदयाचं सगळं ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं की चालणं बंद करू नका, ही माझी कळकळीची विनंती. थांबत थांबत चालू द्या, ओठ मिटत आणून हळूहळू श्वास सोडायला सांगा. पायांचे स्नायू सुधारले की तेवढ्याच कामाला श्वास कमी लागतो, आणि व्यायामात रक्तात चढणारं पोटॅशियमही सराव झालेले स्नायू लवकर परत ओढतात.

पुन्हा तपासणीसाठी रक्त द्यायला जाल तेव्हा दंडाला पट्टा बांधल्यावर त्यांना मूठ सारखी उघडझाप करू देऊ नका. त्याने पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसतं आणि खरी कमतरता झाकली जाते. नेब्युलायझर शेवटचं कधी घेतलं, तेही तिथे सांगा.