तळाच्या ओळीतलं नाव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. साडेचारशे रुपये घालून पुस्तक घेतलंस, दोन रात्रींत संपवलंस आणि आठवडाभरात त्यातल्या खुन्याचं नावही आठवेना, म्हणून स्वतःवरच चिडलास. चिडू नकोस. तुझ्या वाचण्यात काही खोट नाही.

परवा तू ते पुस्तक माझ्याकडे ठेवून गेलास, ते समोरच आहे. लेखकाचं नाव सोनेरी, उठावाच्या अक्षरांत. अंगठा फिरवला तर बोटाला लागतं. त्याखाली कादंबरीचं नाव. आणि अगदी तळाला, बारीक पांढऱ्या अक्षरांत, आणखी एक नाव, सहलेखकाचं. घेताना ते तुला दिसलंच नव्हतं म्हणालास. दिसू नये अशाच बेतानं ते तिथं छापलंय.

हा व्यवहार कसा चालतो ते आधी समजून घे. अमेरिकेतले रहस्यकादंबरीकार जेम्स पॅटरसन यांनी आपली पद्धत कधी लपवलेली नाही. कथेचा प्रकरणवार आराखडा ते स्वतः तयार करतात, सहलेखक त्यावरून मसुदा लिहितो, मग वाचणं, दुरुस्त्या, पुन्हा मसुदा. २०१४ मध्ये भारतीय लेखक अश्विन सांघींबरोबर मुंबईत घडणारी कादंबरी आली, २०१८ मध्ये तर माजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन सहलेखक होते. पॅटरसन हा माणूस मूळचा जाहिरातीच्या धंद्यातला, आणि १९७६ साली त्यानं एकट्यानं लिहिलेल्या पहिल्या कादंबरीला रहस्यकथांसाठी अमेरिकेत दिला जाणारा एडगर पुरस्कार, पदार्पणाचा, मिळाला होता. तेव्हा लिहिता येत नाही म्हणून ही पद्धत आली, असं नाही. एका माणसाच्या दोन हातांनी दुकानाची मागणी पुरी होत नाही, म्हणून आली. थरारकादंबऱ्या लिहिणारे अमेरिकेतलेच टॉम क्लॅन्सी २०१३ मध्ये गेले. त्यांचं नाव कव्हरवर मोठ्या अक्षरांत घेऊन नव्या कादंबऱ्या अजून निघतात. नाव असं एकदा माणसापासून सुटं झालं की त्याचा शिक्का होतो.

पण सहलेखन म्हणजे फसवणूक, असं तू लिहिलंयस, ते मला पटत नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये कादंबरीकार अलेक्झांडर द्युमांना ऑग्युस्त माके कादंबऱ्यांचे मसुदे लिहून देत. माके पुढं कोर्टात गेले. १८५८ च्या निकालात पैसे मिळाले, लेखक म्हणून नाव मिळालं नाही. माकेंवर अन्याय झाला असंच मी म्हणेन. तरी त्या कादंबऱ्या दीडशेहून अधिक वर्षं वाचल्या जातायत, कारण माकेंच्या मसुद्यावर द्युमा स्वतः बसत, संवाद नव्यानं लिहीत, वाक्यात जीव ओतत. तुझ्या हातातल्या पुस्तकात ते शेवटचं बसणं कुणी केलंय, असं मला तरी कुठं जाणवलं नाही.

आणि भरमसाट लिहिणं हाही दोष नव्हे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. शाळेत असताना मी त्या भाड्यानं आणायचो, झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांसाठी जेवणाच्या ताटावरून उठायचो. कथानकं एकमेकांसारखी असायची, मान्य. पण सांगणारा आवाज एकाच माणसाचा होता, आणि त्याला स्वतःला ते सांगायची घाई झालेली असायची.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत तीस वर्षं पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे लाकडी नमुने, केले. 'साचेबद्ध' हा शब्द लोक शिवीसारखा वापरतात, ते मला लागतं. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न मापापेक्षा किंचित मोठा करायचा असतो. किती, ते कुठल्या धातूचं ओतकाम आहे त्यावर ठरतं. धातू माहीत नसताना कुणी नुसत्या ड्रॉइंगवर पॅटर्न केला तर वस्तू मापात कमी येणार. तुझ्या त्या कादंबरीत मला हेच दिसलं. आराखडा चोख. दर दोन पानांनी प्रकरण संपतं, दर प्रकरणाच्या शेवटी धक्का. पण ज्या शहरात खून होतो तिथं कुणाला घाम येत नाही, कुणाला भूक लागत नाही.

आता तुझ्या कादंबरीबद्दल. तीन प्रकरणं वाचली आणि वाईट वाटलं. ज्या पुस्तकावर तू रागावलायस, त्याचाच पॅटर्न तू उचललायस. गोव्याच्या हद्दीजवळच्या कणकुंबीच्या तपासणी नाक्यावर धुक्यात गोळी सुटते, प्रकरण संपतं. दुसऱ्यात फोन वाजतो, प्रकरण संपतं. तुझा पोलीस सिनेमातल्यासारखा बोलतो. अरे, तू जांबोटीचा. पावसाळ्यात चोर्ला घाटातून येणारी गाडी नाक्यावर थांबली की काय होतं, ते तुला ठाऊक आहे. पोलीस कन्नडमध्ये विचारतो, ड्रायव्हर मराठीत सुरू करून अर्ध्यावर कन्नडमध्ये शिरतो, मागं बसलेला क्लीनर कोकणीत पुटपुटतो. गोव्याची दारू शोधायला ताडपत्री वर करतात तेव्हा साठलेलं पाणी कुणाच्या अंगावर पडतं? हे आराखड्यात कुणीच लिहून देणार नाही.

एक गोष्ट सांगतो, ती तुझी म्हणून वापर. माझे आजोबा खळ्यावर भात मापताना 'एक' म्हणत नसत. पहिल्या मापाला 'लाभ', मग दोन, तीन. गावाकडची जुनी माणसं अजून तसंच मोजतात. आता तुझा संशयित बघ. मी इथलाच शेतकरी म्हणतो, बोलतो झकास, कपडे तसेच, हातावर घट्टेसुद्धा. आणि धान्य मापताना 'एक' म्हणतो. समोर बसलेली म्हातारी काही बोलत नाही, नुसतं वर बघते. तिथं तुला गोळीची गरज पडणार नाही, फोनचीही नाही.

म्हणून ती तीन प्रकरणं बाजूला ठेव. फाडू नकोस, ठेव. आधी त्या म्हातारीचं पान लिही.

आणखी एक काम. त्या कव्हरवरचं बारीक नाव वहीत लिहून घे आणि त्या माणसानं एकट्यानं काही लिहिलंय का ते शोध. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयात विचार; १८४८ पासूनची संस्था आहे, तिथं बसायला तुला आवडेल. न मिळालं तर मला सांग, जुन्या पुस्तकवाल्याकडं मी बघतो. तो माणूस स्वतःच्या नावानं कसा लिहितो हे मला खरंच वाचायचंय.

शनिवारी सकाळी लवकर ये. रविवार पेठेत जाऊ, पोती उतरवताना हमाल कसे मोजतात ते तुला ऐकवतो. वही आण. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका