मशिनं भाड्यानं देण्याआधी त्या जामिनाचं बघा

प्रश्न : मी ४३ वर्षांचा, एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पगार हातात ५८ हजार. घराच्या कर्जाचा हप्ता १९ हजार, अजून १६ लाख बाकी. घर माझ्या आणि पत्नीच्या नावावर आहे. दोन मुलं शिकतात, आई आमच्याकडेच असते. हत्यारांची आवड असल्यानं घरी ड्रिल, ग्राइंडर, जिगसॉ, वेल्डिंगचा सेट, घडीची शिडी असं बरंच आहे. शेजारी नेतात, आता अनोळखी लोकही विचारतात. म्हणून १ लाख ८० हजारांची एफडी मोडून आणखी मशिनं घ्यावीत आणि एकूण १५ मशिनं भाड्यानं द्यावीत असा विचार आहे. दिवसाला ३०० रुपये, महिन्यात १० दिवस धरले तरी ४५ हजार होतात. त्या भरवशावर वर्षाला ४८ हजारांची गॅरंटीड पॉलिसीही घेतली. १० वर्षं भरायचे, २० व्या वर्षी दुप्पट. तिचे कागद गेल्या आठवड्यात आले. बाकी शिल्लक नाही. एका शेजाऱ्याच्या पतसंस्थेच्या ८ लाखांच्या कर्जाला दीड वर्षापूर्वी जामीन राहिलो आहे, पण त्यात माझा काही खर्च नाही. तो फर्निचरची कामं घेतो. त्याचे तीन हप्ते थकल्याचं पत्र माझ्या नावे आलं होतं, ते मी त्यालाच नेऊन दिलं. माझा प्रश्न : अनोळखी माणसाकडून डिपॉझिट किती घ्यावं?

उत्तर : अनोळखी माणसाकडून मशीनच्या आजच्या बाजारभावाइतकं डिपॉझिट घ्या. शेजाऱ्याकडून घेऊ नका, पण वहीत नोंद त्याचीही ठेवा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

आता न विचारलेल्या गोष्टीबद्दल. पाच-सहा हजारांचं ड्रिल परक्याच्या हाती जाणार म्हणून तुम्ही डिपॉझिटचा विचार करता, हे योग्यच आहे. पण दीड वर्षापूर्वी तुम्ही शेजाऱ्याला ८ लाखांची सही दिलीत, तीही कशाच्याही बदल्यात नाही. आणि त्या सहीबद्दल संस्थेनं तुमच्या नावे पाठवलेलं पत्र तुम्ही न ठेवता देऊन टाकलंत. ते पत्र तुमचं होतं. आज संध्याकाळी जाऊन ते परत आणा.

‘माझा काही खर्च नाही’ हे वाक्य मला फार वेळा ऐकायला मिळतं. जामीन राहणारी माणसं बहुतेक चांगली असतात, भिडेखातर सही करतात. त्यांना वाटतं, कर्जदारानं हात वर केले, संस्थेनं त्याच्याकडून शक्य तेवढं वसूल केलं, आणि तरीही काही उरलं तर आपल्याला विचारतील. कायदा असा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. करारात वेगळं लिहिलं नसेल तर संस्था कर्जदाराला सोडून थेट तुमच्याकडे येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयानंही हे अर्धशतकापूर्वीच स्पष्ट केलं आहे. ज्याच्या पगाराची चिठ्ठी दर महिन्याला निघते त्याच्याकडून वसुली सोपी, हे संस्थेच्या वसुली अधिकाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. फर्निचरच्या कामाचे पैसे कधी येतात, कधी अडकतात. तुमचा पगार दर महिन्याला येतो.

आकडे मांडू. पाच वर्षांची मुदत आणि १३ टक्के व्याज धरलं तर हप्ता १८ हजारांच्या आसपास बसतो. चौदा-पंधरा हप्ते गेले असतील तर साडेसहा लाख बाकी, थकबाकी आणि दंडव्याज मिळून सात धरा. उद्या तो हप्ता तुमच्या अंगावर आला तर ५८ मधून १९ आणि १८ गेले, उरले २१ हजार. नव्या पॉलिसीचे महिन्याचे ४ हजार काढा. १७ हजारांत पाच माणसं, दोन मुलांचं शिक्षण आणि आईची औषधं. आणि हे होणार त्याच वेळी तुमची एकुलती एक एफडी मशिनांत अडकलेली असेल.

पतसंस्थेला वसुलीसाठी दिवाणी दाव्यात वर्षं घालवावी लागत नाहीत, हेही समजून घ्या. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली ती निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते, त्यात कर्जदाराबरोबर जामीनदारांनाही प्रतिवादी करते. दाखला निघाला की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज, म्हणजे तो वरच्या अधिकाऱ्यानं पुन्हा तपासावा असा अर्ज, करायचा तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून १०१ ची नोटीस आली तर सुनावणीला स्वतः हजर राहायचं, लेखी म्हणणं द्यायचं आणि सोबत वकील न्यायचा. ‘तो बघून घेईल’ म्हणून घरी बसलेल्या जामीनदाराचं नुकसान इथेच होतं.

पण गोष्टी त्या थराला गेल्याचं तुमच्या पत्रावरून दिसत नाही. तीन हप्ते म्हणजे ५४-५५ हजार. अजून आवाक्यातलं आहे, म्हणूनच घाई करा. उद्या संस्थेत जा आणि लेखी अर्ज देऊन कर्जखात्याचा उतारा आणि तुम्ही सही केलेल्या जामीनपत्राची प्रत मागा. अर्जाच्या तुमच्या प्रतीवर पोच घ्या. कर्जाला तारण काय आहे ते विचारा, कारण पुढे तुम्हाला पैसे भरावे लागले तर त्या तारणावर तुमचा हक्क येतो. दुसरा जामीनदार कोण आहे ते पाहा. बहुतेक ठिकाणी दोन असतात. जामीनदारांनी आपसात बोजा सारखा वाटून घ्यायचा असतो, पण संस्था सगळी रक्कम एकाकडूनही मागू शकते, तेव्हा त्या माणसाला आजच भेटा. सही केलेले कोरे चेक दिले होते का, हे मला पत्रात कुठं दिसलं नाही. दिले असतील तर मला तातडीनं कळवा. जामीनदाराचा चेक वटला नाही तरी चेक न वटल्याबद्दलचा, परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ चा, फौजदारी खटला होऊ शकतो.

‘मी जामीनकी मागे घेतो’ असं पत्र देऊन यातून सुटका होत नाही, कर्ज वाटून झालेलं आहे. सुटायचं तर संस्थेनं बदली जामीनदार किंवा जादा तारण लेखी मान्य करायला हवं. याची संधी बहुधा एकदाच येते : कर्जाची फेररचना करायची म्हणून संस्था नव्या कागदांवर तुमची सही मागते तेव्हा. त्या दिवशी चहा पिऊन सही करून येऊ नका. कागद घरी आणा, वाचा, आणि बदली जामीनदाराचा विषय तेव्हाच काढा.

तुम्हाला एखादा हप्ता भरावाच लागला तर तो थेट कर्जखात्यात, तुमच्या नावाच्या पावतीनं भरा. शेजाऱ्याच्या हातात रोख देऊन ‘भरून टाक’ म्हणू नका. जामीनदारानं रीतसर भरलेले पैसे कर्जदाराकडून परत मागायचा हक्क कायद्यानं आहे, पण पावती असेल तरच तो हक्क चालवता येतो.

आता पॉलिसी. एजंटनं ‘दुप्पट’ हा शब्द वापरला आणि तुम्ही तो तसाच मला लिहिलात. १० वर्षांत ४ लाख ८० हजार भरायचे, २० व्या वर्षी ९ लाख ६० हजार मिळायचे. तुमचा सरासरी रुपया तिथे साडेपंधरा वर्षं राहतो. पैसे दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की साधारण व्याजदर कळतो. ७२ ला साडेपंधरानं भागा : साडेचार टक्क्यांच्या आसपास. ज्या कामासाठी विमा घ्यायचा ते काम तर ही पॉलिसी करतच नाही. हप्त्याच्या दहापट म्हणजे ४ लाख ८० हजारांचं छत्र, आणि डोक्यावर १६ लाखांचं स्वतःचं कर्ज, ७ लाखांची जामीनकी. तुमचं बरंवाईट झालं तर जामीनकी संपत नाही. ती तुम्ही मागे ठेवलेल्या मालमत्तेवर येते. कर्जात असलेल्या, पाच माणसं पोसणाऱ्या माणसाला असं उत्पादन विकणाऱ्याचा मला मनापासून राग येतो.

सुदैवानं कागद गेल्या आठवड्यात आलेत. पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. वैद्यकीय तपासणी, मुद्रांक आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च कापून बाकी पैसे मिळतात. एजंटला फोन करू नका, तो तुम्हाला महिनाभर समजावत बसेल. कंपनीच्या शाखेत लेखी पत्र द्या, पोच घ्या. मात्र आधी ७५ लाखांच्या साध्या टर्म विम्याचा अर्ज करा. तब्येत ठीक असेल तर या हप्त्याच्या अर्ध्याहून कमी पैशांत तो मिळायला हवा.

मशिनांचा हिशेबही तसाच आशेवर आहे. १५ मशिनं, प्रत्येक महिन्यात १० दिवस बाहेर. कोणतं मशीन? काँक्रीट फोडायच्या ब्रेकरला मागणी असेल, जिगसॉ महिन्यातून एकदा निघेल. सरासरी तीन दिवस धरा : १३,५००. नव्या मशिनांचं आयुष्य, भाड्याच्या हातांत, तीन वर्षं धरलं तर महिन्याला ५ हजार त्यांच्या बदलीसाठी बाजूला पडले. कार्बन ब्रश, जळालेलं आर्मेचर, तुटलेली चावी, न परतलेले बिट यांचे अडीच हजार. उरले ६ हजार, आणि रविवार गेला देण्याघेण्यात. तीनऐवजी दोन दिवस निघाली तर दीड हजार. या दीड-सहा हजारांसाठी एफडी मोडायची नाही.

भाडं घेतलं की जबाबदारीही बदलते, हे फार कुणी सांगत नाही. करार कायद्याच्या कलम १५० प्रमाणे फुकट दिलेल्या वस्तूत तुम्हाला माहीत असलेला दोष तुम्ही सांगितला पाहिजे. भाड्यानं दिलेल्या वस्तूत मात्र दोष तुम्हाला माहीत नसला तरी त्यातून झालेल्या नुकसानीला तुम्ही जबाबदार. तुमचा चार इंची ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो. कुणीतरी गार्ड काढून ठेवलेलं आहे, वायरच्या तोंडाशी टेप गुंडाळली आहे, असा ग्राइंडर तुम्ही स्वतः सांभाळून चालवाल. तोच ३०० रुपये घेऊन परक्याला दिलात आणि चकती फुटली तर? चांगल्या चकतीच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदत छापलेली असते, ती तरी तुम्ही पाहता का? तेव्हा ग्राइंडर, वेल्डिंग सेट आणि शिडी भाड्याच्या यादीतून आजच काढा.

शेजाऱ्यांना फुकट देत राहा. त्यात मी काहीही बदलायला सांगणार नाही. बिट आणि चकती ज्याची त्यानं आणायची, मशीन परत आलं की दोघांसमोर चालवून पाहायचं, एवढे दोन नियम ठेवा. अमेरिकेत बर्कलीचं सार्वजनिक ग्रंथालय १९७९ पासून रहिवाशांना हत्यारं फुकट वापरायला देतं, पण तिथे दुरुस्ती आणि बदलीचा खर्च ग्रंथालय उचलतं. तुमच्याकडे तो तुमच्या पगारातून जातो, म्हणून हौस म्हणून जेवढं झेपेल तेवढंच. भाड्याचा धंदा करूनच पाहायचा असेल तर घरात आहेत त्यातली दोन-तीन बिनधोक मशिनं सहा महिने द्या, प्रत्येक दिवसाची नोंद ठेवा आणि ती वही मला पाठवा. एफडी तोवर जागेवर राहील. ती आता तुमच्या जामीनकीची गंगाजळी आहे.

पत्नीला या जामिनाचं माहीत आहे का, हेही पत्रात नाही. घर दोघांचं आहे, नोटीस आली तर त्याच दारावर येईल. आज सांगा.

आणि त्या शेजाऱ्याचं. त्याच्यावर चिडून त्याची हत्यारं बंद करू नका. तो फर्निचरची कामं करतो, त्याचा हप्ता त्याच्या कामातूनच निघणार आहे. ड्रिल, जिगसॉ, लागेल ते त्याला फुकट द्या. सध्याच्या कामाचे पैसे कधी आणि कुणाकडून यायचेत ते त्याला विचारा, आणि त्यातला पहिला थकलेला हप्ता परस्पर संस्थेत जाईल असं त्याच्या बायकोसमोर, तुमच्या पत्नीसमोर ठरवून घ्या. पावतीची एक प्रत तुमच्याकडे.