व्हिएन्नात एकच दिवस असेल, तर शॉनब्रुन राजवाडा आतून बघावा का?

तुम्ही विचारलंय की व्हिएन्नात एकच दिवस आहे, बरोबर साठी ओलांडलेले आई-बाबा आहेत, तर शॉनब्रुनचं तिकीट काढावं की फुकटची बाग बघून परत यावं. नोकरीमुळे मी इथेच राहतो. आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा हेच विचारतो आणि मी प्रत्येकाला एकच सांगतो: आत जा, पण मोठ्या तिकिटाने. लहान तिकीट काढणार असाल तर खरंच बागच बरी.

राजवाड्यात एकूण 1,441 खोल्या आहेत. मोठ्या तिकिटात त्यांतल्या चाळीसेक दिसतात, लहान तिकिटात साधारण निम्म्या. पैसे वाचवायचे म्हणून बहुतेक भारतीय मंडळी लहान तिकीट घेतात आणि नेमकी आपली खोली राहून जाते. या दालनाचं नाव 'मिलियोनेन्त्सिमर', म्हणजे लाखमोलाची खोली. भिंतींना वरपासून खालपर्यंत मौल्यवान लाकडाचं आवरण, त्यात सोन्याच्या वेलबुट्टीच्या वेड्यावाकड्या चौकटी, आणि चौकटींत चक्क मुघल लघुचित्रं! दरबार, शिकार, बागेतल्या बैठकी, सगळं सोळाव्या-सतराव्या शतकातलं.

जरा थांबून एकच चौकट नीट न्याहाळा. एका चित्रातलं झाड दुसऱ्यातल्या माणसांच्या डोक्यावर आलेलं दिसेल. अठराव्या शतकात इथे राज्य करणारी राणी मारिया थेरेसा, तिच्या घराण्याने ही अस्सल चित्रं कात्रीने कापली आणि चौकटीच्या आकारात बसतील तशी जोडून चिकटवली. कलेचा इतिहास शिकलेल्या माणसाला तिथे घाम फुटेल. गंमत म्हणजे डच चित्रकार रेम्ब्रांने सतराव्या शतकात मुघल चित्रांवरून काही रेखाटनं केली होती. झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांचं त्याचं रेखाटन आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि ते ज्या चित्राशी जुळतं ते या भिंतीवर आहे. दोरीच्या अलीकडूनच बघावं लागतं आणि वरच्या चौकटी उंचावर आहेत, त्यामुळे बाबांचा लांबचा चष्मा विसरू नका.

मोठ्या तिकिटातली दुसरी खोली नेपोलियनची. 1805 आणि 1809 मध्ये त्याने व्हिएन्ना घेतलं तेव्हा मुक्काम याच राजवाड्यात ठोकला होता. पुढे त्याने इथल्याच सम्राटाच्या मुलीशी लग्न केलं. त्यांचा मुलगा आजोळी, जवळजवळ नजरकैदेतच वाढला आणि 1832 मध्ये एकविसाव्या वर्षी क्षयाने इथेच गेला. त्याचा पाळीव चंडोल पेंढा भरून ठेवलाय. माझ्या आईला एवढ्या सगळ्या झगमगाटातून तो पक्षीच लक्षात राहिला.

बाकीच्या दालनांबद्दल स्पष्ट सांगतो: पांढऱ्या भिंती, सोनेरी नक्षी, झुंबरं. दहा खोल्यांनंतर डोळे सरावतात. सगळीकडे सारखा वेळ घालवू नका. फ्रान्झ योझेफच्या खोल्यांत मात्र रेंगाळा. हा सम्राट 1830 मध्ये इथेच जन्मला, 1848 ते 1916 अशी 68 वर्षं गादीवर होता आणि इथेच गेला. एवढ्या साम्राज्याचा धनी, पण झोपायला साधा लोखंडी पलंग! पहाटे चारच्या सुमारास उठून थंड पाण्याने अंग धुवायचं आणि टेबलाशी बसून कागदपत्रं उपसायची, असा त्याचा दिनक्रम. आमच्या वडिलांना हा गृहस्थ फार आवडला, कारण ते स्वतः आयुष्यभर सरकारी नोकरीत होते.

खोल्यांच्या कोपऱ्यात खोली ऊबदार ठेवायच्या उंच पांढऱ्या शेगड्या दिसतील. त्यांना पुढून दार नाही. भिंतीमागे नोकरांसाठी बोळ होते, लाकडं तिथूनच सरकवायची, म्हणजे राख आणि नोकर दोन्ही नजरेआड. मोठा दिवाणखाना चाळीस मीटरहून लांब आहे. 1961 मध्ये अमेरिकेचे केनेडी आणि सोव्हिएत रशियाचे ख्रुश्चेव व्हिएन्नात भेटले तेव्हाची मेजवानी तिथेच झाली. छतावरच्या चित्रांपैकी पूर्वेकडचं दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बने गेलं, आता आहे ती नक्कल. निळ्या चिनी दालनात 11 नोव्हेंबर 1918 ला शेवटचा सम्राट कार्ल याने राज्यकारभारातून अंग काढून घेतलं. पुढे मोठा संगीतकार झालेला मोझार्ट सहा वर्षांचा असताना, 1762 मध्ये, मारिया थेरेसासमोर वाजवून झाल्यावर तिच्या मांडीवर जाऊन बसला, हे त्याच्या वडिलांच्या पत्रात आहे. ते आरशांच्या दालनात घडलं असं समजतात.

आता कामाचं. तिकिटावर आत शिरण्याची वेळ छापलेली असते, म्हणून आधीच ऑनलाइन काढा आणि सकाळची पहिली वेळ मिळाली तर तीच घ्या. दहानंतर टूर बसचे लोंढे येतात, मग ऑडिओ गाइड कानाला लावून धक्के खात चालायचं. पाठीवरची सॅक बाहेर ठेवावी लागते. जिने चढणं अवघड असेल तर तिकीट तपासणाऱ्यांना सांगा, लिफ्ट आहे. मेट्रोची यू-4 लाइन थेट 'शॉनब्रुन' स्टेशनला सोडते.

आतून बाहेर आल्यावर मागच्या बागेत बसा. नळाचं पाणी बिनधास्त प्या, शहराला ते आल्प्सच्या झऱ्यांतून येतं. समोर टेकडीवर ग्लोरिएट नावाची कमानींची इमारत दिसेल, 1775 ची. वरून राजवाड्यासकट सगळं शहर दिसतं, पण चढ आई-बाबांना भारी पडेल. हिवाळा सोडला तर बागेत चाकांवरची छोटी गाडी फिरते, तिने वर जा. 1752 पासून चालू असलेलं प्राणिसंग्रहालयही याच आवारात आहे. एका दिवसात मात्र त्याच्या नादी लागू नका, ते अर्धा दिवस खातं.

शहरात मोझार्टसारखा टोप आणि लाल कोट घातलेली मुलं 'कॉन्सर्ट, कॉन्सर्ट' करत अडवतील. ती तिकीटविक्रीची माणसं. ऐकायचंच असेल तर घरून तिकीट काढून या, रस्त्यावर घासाघीस करत बसू नका.