घरी फॉइल बोर्ड बनवताना खर्चाचा अंदाज
फॉइल बोर्ड, म्हणजे खाली बसवलेल्या पाण्यातील पंखामुळे (फॉइल) पाण्यावर उचलला जाणारा बोर्ड, घरीच बनवण्याचा तुमचा बेत उत्तम आहे. मात्र फोम, त्यावर चढवायचे कापड आणि ते कडक करणारे रेझिन एवढाच हिशेब मांडू नका, कारण हातमोजे, ब्रश, सँडपेपर आणि वाफांपासून वाचवणारा मास्क यांवरही बरीच रक्कम जाते. ईपीएस (थर्माकोलसारख्या) फोमवर स्वस्त पॉलिस्टर रेझिन लावल्यास त्यातील स्टायरीन या द्रावकामुळे फोम विरघळून खड्डे पडतात, म्हणून इपॉक्सी रेझिनच घ्या. बचत करायचीच असेल तर कार्बन फायबरच्या कापडाऐवजी ग्लास फायबरचे वापरा. परंतु फॉइल बॉक्सपाशी (बोर्डच्या तळाशी फॉइल जोडण्याची खाच) हात आखडता घेऊ नका, कारण बोर्ड पाण्यावर उचलला जाताना सारा ताण तिथेच येतो. त्याभोवती जास्त घनतेचा पीव्हीसी फोम बसवून तो डेकपर्यंत (बोर्डच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत) भक्कम जोडा. फॉइल मात्र सध्या सेकंड-हँडच विकत घ्या आणि त्याला कोणता बॉक्स लागतो हे पाहूनच फोम कापा.