जंतूंना गिळणाऱ्या पेशींमध्येच जंतू कसे शिरतात?

चिक्कोडी भागात दूधव्यवसाय करणाऱ्या आपल्या काकांना ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूजन्य आजार) झाला असून त्याचे जंतू पांढऱ्या पेशींतच दडून राहतात, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे आपण लिहिले आहे, आणि जंतूंच्या पृष्ठभागावरील प्रथिनेच त्यांना आत नेतात का, असे विचारले आहे. मी बेळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. गोठा असलेल्या घरांतील विद्यार्थीही हे नेहमी विचारतात.

प्रथिनांचे सामर्थ्य १९८५ साली इसबर्ग आणि फाल्को यांच्या प्रयोगात स्पष्ट दिसले. येर्सिनिया जिवाणूचा एकच जनुकीय भाग त्यांनी निरुपद्रवी ई. कोलायमध्ये घातला आणि एरवी बाहेरच राहणारा तो जिवाणू प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत शिरू लागला. त्या भागातून तयार होणारे इन्व्हेसिन हे प्रथिन पेशीवरील इंटिग्रिन या ग्राहीला (बाहेरचे रेणू ओळखून धरणाऱ्या प्रथिनाला) घट्ट चिकटते आणि मग पेशी स्वतःच आपले आवरण जिवाणूभोवती ओढून घेते.

अर्थात, त्या पेशी भक्षक नव्हत्या. महाभक्षी पेशीचे, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीचे, कामच गिळण्याचे असल्याने तिच्यात शिरणे मुळीच अवघड नसते. खरा प्रश्न कोणत्या ग्राहीमार्गे शिरायचे हा असतो, कारण आतल्या जंतूचे पुढे काय होणार हे बरेचसे त्यावर ठरते. लेजिओनेला या न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूच्या बाह्य आवरणातील मुख्य प्रथिनावर आपल्याच रक्तातील सी-३ हे पूरक प्रथिन (जंतूंवर खूण करणारे संरक्षक प्रथिन) बसते आणि महाभक्षी पेशीवरील पूरक-ग्राही त्याला धरून जिवाणूला आत घेतात. या वाटेने आत घेताना पेशी जंतुनाशक ऑक्सिजन-संयुगांचा मारा सहसा जोराने करत नाही.

ब्रुसेलाच्या, म्हणजे काकांच्या आजाराच्या जिवाणूच्या, बाबतीत मात्र केवळ प्रथिनांकडे पाहून चालणार नाही. त्याच्या पृष्ठभागावरील लिपोपॉलिसॅकराइड या स्निग्ध पदार्थ व शर्करा मिळून बनलेल्या रेणूची लांब शर्कराशृंखला येथे फार महत्त्वाची ठरते: उंदरांच्या महाभक्षी पेशींवरील प्रयोगांत, ती नसलेले जिवाणू गिळले तर गेले, परंतु त्यांची पुटिका (पेशीत त्यांना वेढणारी पिशवी) लवकरच लायसोसोम या पेशीतील पाचक पिशवीशी एकरूप झाली. शृंखला असलेल्यांपैकी काही मात्र ते टाळून, स्रावयंत्रणेच्या (पेशीत आपली प्रथिने सोडणाऱ्या यंत्रणेच्या) साहाय्याने पेशीच्या अंतर्द्रव्य जालिकेपर्यंत (पेशीतील पटलांच्या जाळ्यापर्यंत) पोहोचतात आणि तेथे वाढतात.

डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन ही जोडी सहसा सहा आठवडे दिली जाते ती याचसाठी. औषधाला पेशीच्या आत पोहोचून काम करावे लागते, म्हणून ताप उतरला तरी काकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत.