२३० व्होल्ट आणि ८.७ अँपिअरवरून रोध आणि वॅट कसे काढायचे? आणि मल्टिमीटर वेगळाच आकडा का दाखवतो?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. गीझर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर घेतो, त्याचा रोध आणि वॅट किती? आणि ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध गणिताने ८८० ओहम येतो, पण मल्टिमीटर ६५ दाखवतो, तर मीटर बाद झालाय का?

गीझरचं आधी उरकतो. रोध म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर: २३० ÷ ८.७ = २६.४ ओहम. शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर: २३० × ८.७ = २००० वॅट. पंधरा मिनिटं चालवलात तर अर्धा युनिट. शाळेतलं सूत्र तेवढंच.

मीटर ठणठणीत आहे, टाकू नका. तुम्ही गार बल्ब मोजलात आणि गणित पेटलेल्या बल्बचं केलंत. पेटल्यावर आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि तिचा रोध दहा-पंधरा पट वाढतो. तो ६५ वरच राहिला असता तर २३० × २३० ÷ ६५, म्हणजे आठशे वॅटच्या वर शक्ती खेचली असती. बटण दाबल्याच्या क्षणी खरंच तेवढी खेचतो, पण सेकंदाच्या छोट्याशा भागापुरतीच. म्हणून तर जुने बल्ब बहुधा लावतानाच उडायचे. गीझरच्या कॉइलमधली नायक्रोमची तार मात्र तापली तरी फारशी बदलत नाही. तिथे गार मोजणी आणि गणित जवळपास जुळतं. रोध मोजताना वस्तू प्लगमधून काढलेलीच हवी, आणि मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा.

आता करंट. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजायचा मीटर, अख्ख्या केबलभोवती लावलात तर शून्य दिसेल, कारण जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात. एकच वायर पकडावी लागते. मी वायरिंगची कामं करतो, त्यामुळे १६ अँपिअरचा एक एक्स्टेन्शन बोर्ड मुद्दाम असा ठेवलाय की त्याच्या वायरी वरच्या आवरणातून बाहेर काढून सुट्या केल्यात. गीझर त्या बोर्डात, क्लॅम्प एका वायरीवर, आणि शेजारच्या सॉकेटमध्ये व्होल्टमीटर.

हे व्होल्टमीटरचं महत्त्वाचं, आणि बरेच जण इथेच चुकतात. २३० हा आकडा कागदावरचा. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींमधून तक्रार येते, ‘नवीन गीझर घेतला, पाणी तापतच नाही.’ समजा गीझर बंद असताना बोर्डावर २३० आहेत आणि चालू केल्यावर २१८ झाले. कॉइल तीच, २६.४ ओहमची. मग करंट ८.२५ अँपिअर, आणि शक्ती २१८ × ८.२५, म्हणजे १८०० वॅट. दोनशे वॅट इथेच कमी झाले, आणि गीझरवाल्याला उगीच शिव्या!

पण मधले १२ व्होल्ट गेले कुठे? विजेच्या मीटरपाशी (बिलाच्या) व्होल्टेज तितकंच टिकून असेल, तर ते घरातल्याच वायरिंगमध्ये पडलेत. पुन्हा तेच सूत्र: १२ ÷ ८.२५, म्हणजे जवळपास दीड ओहम. दीड स्क्वेअरच्या, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरच्या, तांब्याच्या वायरीचा रोध दर मीटर लांबीला १२ मिलिओहम (०.०१२ ओहम) असतो. दीड ओहम फक्त वायरीचा असायचा तर जाऊन-येऊन १२० मीटर वायर हवी. दोन खोल्यांच्या घरात मीटरपासून मोरीपर्यंत जाऊन-येऊन ४० मीटर धरले तरी अर्धाच ओहम होतो. उरलेला एक ओहम कुठल्या तरी ढिल्या जोडात बसलाय, आणि तिथे करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे साठ-सत्तर वॅट जळतायत. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते, त्यावरून काय ते समजा. सॉकेट उघडलं की पिनेपाशी प्लास्टिक तपकिरी पडलेलं आणि स्क्रू सैल सापडतो. तेव्हा सूत्रात व्होल्टेज टाकताना ते कोणत्या दोन टोकांमधलं हे आधी ठरवा. कॉइलचा रोध हवा असेल तर कॉइलच्या टोकांवरचं, वायरीचा हवा असेल तर वायरीत पडलेलं.

करंटचा वर्ग हा प्रकार मुंबईकरांनी लोकलमध्येही पाहिलाय. १९२५ साली व्हीटी-कुर्ला मार्गावर विजेची गाडी सुरू झाली ती १५०० व्होल्ट डीसीवर. पुढे टप्प्याटप्प्याने सगळं २५,००० व्होल्ट एसीवर नेलं, ते काम २०१६ मध्ये संपलं. गाडीला ३० लाख वॅट लागतात असं धरलं तर १५०० व्होल्टवर २००० अँपिअर हवेत, २५,००० वर ढोबळमानाने १२०. करंट सतरा पट कमी, म्हणजे त्याच रोधाच्या तारेत वाया जाणारी शक्ती पावणेतीनशे पट कमी.

शेवटी एक सावधगिरी. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट हे गीझर, इस्त्री, बल्ब यांनाच सरळ लागू होतं. तांब्याच्या चोकवाली जुनी ४० वॅटची ट्यूबलाइट मोजलीत तर ०.४३ अँपिअर दिसेल. गुणाकार येतो ९९, पण चोक धरून ती खाते पन्नासच्या आसपास, कारण तिचा पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला खरोखर वापरला जाणारा भाग, ०.५ च्या जवळ असतो आणि गुणाकारात तोही घ्यावा लागतो. फ्रिज, पंप, मिक्सर, सगळ्यांचं कमी-अधिक तसंच. अशांचे वॅट हवे असतील तर क्लॅम्पवर विसंबू नका. लॅमिंग्टन रोडला प्लगमध्ये खोचायचा वॅटमीटर मिळतो, तो घ्या.